नाकाला विचारतो कोण?

कुत्र्याच्या नाकाचे गोडवे गाताना माणूस आपल्या नाकाला उगाच हिणवतो. या समजुतीला हातभार लावला पॉल ब्रोका या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने. १८७९च्या सुमारास त्याने सस्तन प्राण्यांची वर्गवारी केली आणि मेंदूच्या मानाने गंधाचा भाग लहान दिसतो म्हणून माणसाला मंद नाकाच्या प्राण्यांत बसवले. कुणाला काही हुंगायला न देता! शवविच्छेदनाच्या टेबलावरचा हा निकाल पुढे शंभरेक वर्षे पाठ्यपुस्तकांत नांदला.

नाकाच्या छताशी असलेल्या पेशींवर गंधाचे रेणू टिपणारे ग्राही असतात. त्यांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चे नोबेल त्यासाठीच मिळाले. उंदराकडे असे हजारभर प्रकार, माणसाकडे चारशेच. पण एकच रेणू अनेक ग्राहींना कमी-अधिक चेतवतो आणि त्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो; म्हणजे चारशेंतून होणाऱ्या जुळण्यांना तोटा नाही. पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासातले जिओस्मिन घ्या. दहा हजार लिटरचे दहा टँकर पाणी आणि त्यात मिलिग्रॅमभर जिओस्मिन, एवढ्यावर आपले नाक ‘पाण्याला मातकट वास येतोय’ म्हणून तक्रार करते. बर्कलेच्या संशोधकांनी तर डोळे बांधून माणसांना गवतावर रांगायला लावले. दहा मीटर लांबीचा चॉकलेटच्या वासाचा माग दोन-तृतीयांश लोकांनी काढला, सरावाने वेगही वाढला. कुत्रा सरस आहेच. त्याचे नाक जमिनीलगत असते आणि उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून जात असल्याने समोरचा वास उधळत नाही. पण तो सरस म्हणून आपण कुचकामी, हे कुठले तर्कशास्त्र?

या गैरसमजाची किंमत मात्र खरी आहे. कोविडमध्ये असंख्य लोकांचा वास गेला, तेव्हा किती गेला हे मोजायची सवयच आपल्या दवाखान्यांना नव्हती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत दृष्टी आहे, श्रवण आहे, गंध नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. वास गेलेल्या, घरी एकट्याच राहणाऱ्या आजींना त्याचा काय उपयोग? शिळे वरण आंबले आहे हेही त्यांना कळायचे नाही.

चष्म्याचा नंबर नेमाने तपासून घेणाऱ्या ज्येष्ठांच्या तपासणीत लवंग, कॉफी, साबण अशा चार कुप्या वाढवायला फारसा खर्च नाही. कंपवाताच्या अनेक रुग्णांत हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी वास मंदावतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहेच.