आधी भिंत, मग फरशी

परवा आमच्याकडे गवंडी आला होता. दिवाळीआधी ओसरीवर नवी फरशी बसवायची, असं घरात ठरलेलं. त्यानं टेप काढला, मापं घेतली आणि जाता जाता मागच्या खोलीच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘वहिनी, हिला पोट आलंय.’’

नेमकी त्याच भिंतीला लागून सासूबाईंची कॉट!

कराडच्या बाजूचा आमचा जुना वाडा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा सासूबाई या घरात नव्या सून होत्या. फडताळातली भांडी खणाखणा खाली आली, सगळे अंगणात धावले, एवढंच त्या सांगतात. तेव्हा भिंतीला गेलेली चीर गिलावा करून बुजवली. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं आम्ही तिच्यावर रंगाचे हात देतोय.

मैत्रिणींनो, जुनी दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये माती-कपच्यांची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले आणि पावसाचं पाणी मुरत राहिलं, की भर खाली बसते, एक थर पुढे सरकतो. हेच ते पोट. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत कोसळते.

किल्लारीला हेच झालं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची वेळ. गणपती बोळवून माणसं नुकती निजलेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवद. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीवर माती टाकलेली, तिचा थर कुठे कुठे दीड-दोन फुटांचा. घर थंड राहावं, गळू नये, म्हणून केलेली सोय अंगावर आली. साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. काही घरांत मात्र लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या, पडल्या त्या भिंती.

आणि किल्लारी तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं! २००२ मध्ये नकाशा सुधारला, तेव्हा हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला.

कच्छचं उलटं. तिथे १८१९ मध्येही मोठा भूकंप झालेला, प्रदेश सर्वांत धोक्याच्या पाचव्या पट्ट्यात. म्हणजे माहिती होती. तरी २६ जानेवारी २००१ ला भूजचा जुना गाव ढासळला. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळकरी मुलं अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची जुनी घरं त्यांच्यावर आली. पावणेदोनशेहून जास्त मुलं गेली. आपल्या पेठांमधल्या गल्ल्या आठवून बघा. आणि ज्या भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या ज्या भेगेवर, जमीन सरकली, ती भेग वरती नीट उघडी पडलीच नाही. सगळं आत, खोल.

म्हणून या भेगांचा अभ्यास हवाच. आमच्या कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या परिसरात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल भोक पाडून शास्त्रज्ञांनी खडक तपासले, ते काम २०१७ मध्ये पूर्ण झालं. भेग कुठून जाते, खडकावर ताण किती, हे त्यातून कळतं. कुठलं घर किती भक्कम हवं, याचे नियम अशाच माहितीवर ठरतात. फक्त तारीख-वार त्यातून निघत नाही. भूकंप अमुक दिवशी होणार, असं कुणी सांगत आलं तर त्याला सरळ चहा पाजून वाटेला लावावं.

भिंतीचं मात्र आजही करता येतं. किल्लारीनंतर लातूर-उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) पडलेली घरं नव्यानं बांधली गेली, पण त्याहून कितीतरी जास्त उभी घरं मजबूत करायची होती. त्या कामात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरा, दारा-खिडक्यांच्या वरून घरभर एकसलग पट्टा फिरवा, कोपरे जाळीनं बांधा, हे त्यांनी शेजारणींना समजावलं आणि गवंड्यांच्या कामावरही लक्ष ठेवलं. या खर्चातलं वरून काही दिसत नाही, पाहुण्यांना दाखवायला तर मुळीच नाही! म्हणूनच तो मागे पडतो.

नगरपालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक घरांना नोटिसा लावते आणि हात झटकते. मालकाला भाडं परवडत नाही, भाडेकरू हलत नाही, भावकीत वाटण्या झालेल्या नाहीत. वाडा तसाच उभा. माझं म्हणणं आहे, नोटिशीबरोबर पालिकेनं एक जाणता इंजिनिअर पाठवावा, खर्चाचा अंदाज द्यावा आणि दुरुस्तीला स्वस्त कर्ज मिळवून द्यावं. महिला मंडळांनी हा विषय वॉर्डातल्या नगरसेविकेकडे लावून धरायला हवा.

आमची फरशी यंदा रद्द झाली. ‘‘दिवाळीला ओसरी अशीच का?’’ म्हणून यजमान दोन दिवस फुरंगटले. इंजिनिअर येत्या सोमवारी येतोय. सासूबाईंची कॉट मी पुढच्या खोलीत हलवली. तिथून तुळस दिसत नाही, म्हणून त्या माझ्यावर नाराज आहेत.