बरा झालेल्याला घर कोण देणार?

"वेडाचे सोंग घेतले की खूनही पचतो!" रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. बोलणारी माणसे दुष्ट नसतात, भ्यालेली असतात. तरीही त्यांचे म्हणणे खोटे आहे आणि ते खोडून काढणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपल्या उपनगरांना या भीतीचे एक नाव ठाऊक आहे: रामन राघव. १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेलगतच्या पूर्व उपनगरांत गोरगरिबांवर हल्ले झाले. १९६८ मध्ये मुंबई पुन्हा हादरली. त्या ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला पकडले. पोलीस सर्जनांना त्याच्यात मनोविकार आढळला नाही आणि १९६९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. ती कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमावयास लावले. मंडळाने त्याच्याशी पुन्हा पुन्हा दीर्घ संभाषण केले, तेव्हा जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये तो कैदी म्हणूनच पुण्याच्या ससून रुग्णालयात मरण पावला. सांगा, काय पचले? मृतांच्या आप्तांना सत्य हवे असते; रोगाचे निदान हाही त्या सत्याचाच भाग नव्हे काय?

कायदा भाबडा नाही. तो दोन निरनिराळे प्रश्न विचारतो. कृत्य करतेवेळी, आपण काय करीत आहोत किंवा ते अयोग्य आहे, हे जाणण्यास आरोपी मनोविकारामुळे असमर्थ होता काय? हा पूर्वीच्या दंडसंहितेतील कलम ८४ चा प्रश्न, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा. दुसरा प्रश्न आजचा: तो स्वतःचा बचाव करण्यास समर्थ आहे काय? नसेल तर खटला थांबतो, मिटत नाही. दरम्यान उपचार होतात. केवळ आजार असणे हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही. सोंग ओळखण्यासाठी तज्ज्ञ रुग्णाची झोप, वागणे, बोलणे पाहतात, पूर्वीच्या उपचारांचे कागद मागतात आणि घरच्यांना विचारतात.

येथेच, वाचकहो, आपले पितळ उघडे पडते. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून भावाचा आजार लपविणारे आपण, डॉक्टरांची चिठ्ठी फाडून टाकणारे आपण! मग न्यायालयापुढे साक्ष कोणती येणार?

उपचारानंतरही दाराची एक किल्ली आपल्याच हाती असते. धोका उरला नसेल, तर हमी देणाऱ्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या स्वाधीन अशा व्यक्तीला करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण नातेवाईक पत्ता बदलतात. आसामातील मचांग लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले. १९६७ मध्ये मनोरुग्णालयाने त्यांना बरे ठरविले, तरी त्यांची रवानगी झाली ती तुरुंगात. २००५ मध्ये एक रुपयाच्या जामिनावर ते सुटले, तेव्हा ५४ वर्षे सरली होती आणि खटला चाललाच नव्हता. दोष शासनाचा होताच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात मनोरुग्ण विभाग असावा, एवढीच सक्ती केली आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याला एक पुरेल काय? मात्र शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही.

गरसेकरांच्या प्रदेशातील थडग्यांत राहणारा, साखळ्या तोडणारा माणूस आठवा. प्रभूने त्याला नाव विचारले, बरे केले, आणि तो मागे येऊ लागताच त्याला स्वतःच्या घरी धाडले. शुभवर्तमानात गाववाले घाबरले ते त्याला शुद्धीवर आलेला पाहून! आपणही त्याच गावचे रहिवासी आहोत.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे. कांजूरमार्गहून गाडीने ते वीस-पंचवीस मिनिटांच्या वाटेवर. आपल्या धर्मग्रामातील किती घरांचे माणूस तेथे आहे, हे मला ठाऊक आहे. किती घरे भेटीला जातात, हेही ठाऊक आहे. येत्या रविवारी मी जाणार आहे. ज्यांचे कोणी तेथे आहे, त्यांनी माझ्याबरोबर यावे. ज्यांचे कोणी नाही, त्यांनीही यावे. कायद्याला मित्रही चालतो.