तिकिटावरचे पावणेतीन तास

मागच्या वर्षी आमचे अम्मी-अब्बा उमऱ्याला गेले. तिकिटावर लिहिले होते : मुंबईहून सकाळी ९ वाजता निघणार, जेद्दाहला ११.४५ ला पोहोचणार. आम्ही घरात सर्वांनी वाचले आणि म्हटले, "पावणेतीन तास तर लागतात!" तिकिटावर वेळ ज्या त्या गावाची असते, हे कुणाच्याच लक्षात आले नाही. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणजे खरा प्रवास सव्वापाच तासांचा.

अम्मींना साखरेचा आजार आहे. त्यांनी विमानतळावर साडेसातला नाश्ता करून गोळी घेतली. विमानात जेवण आले तेव्हा "थोडाच वेळ आहे, उतरून जेवू" म्हणून ताट परत केले. विमान उतरले तेव्हा आपल्याकडे सव्वादोन वाजले होते. रांगेत त्यांचे हात थरथरू लागले, घाम सुटला. शेजारच्या एका भगिनीने खजूर दिले, म्हणून निभावले. अल्लाहचे शुक्र!

तेव्हापासून आम्ही ओळखीच्या प्रत्येक घराला हा हिशेब सांगतो.

मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे, नागपूरहून सरळ गेले तर सुमारे ४,१०० किलोमीटर. पण भंडाऱ्याच्या माणसाचा सफर विमानतळावर सुरू होत नाही. अम्मी-अब्बा दुपारी ४ ला घरून निघाले. नागपूरचे विमानतळ, तिथून मुंबई, रात्रभर थांबणे, जेद्दाह, तिथली तपासणी, मग मक्केपर्यंत बस. खोलीत पाठ टेकली तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे संध्याकाळचे ६ वाजले होते. पूर्ण सव्वीस तास! सामान, औषधे आणि खाणे या सव्वीस तासांच्या हिशेबाने बांधावे.

दुसरी गोष्ट मीकातची. ती जेद्दाहला उतरण्याआधी, आकाशातच ओलांडली जाते. म्हणून पुरुषांनी एहराम मुंबईतच बांधून घ्यावा आणि विमानातील सूचनेकडे कान ठेवून वेळेत नियत करावी. वेळेचा अंदाज चुकला आणि झोप लागली, तर मोठी पंचाईत.

तिसरी गोष्ट नमाज-रोज्याची. भंडारा आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर, २१ अंशांच्या थोडे वर आहेत. रेखांशात मात्र सुमारे ४० अंशांचा फरक. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून सूर्य तिथे सुमारे १६० मिनिटे उशिरा मावळतो. रोजा ठेवून पश्चिमेला निघालात तर दिवस तेवढा लांबतो. इफ्तार आपल्या घरच्या घड्याळावर नाही, जिथे आहात तिथल्या सूर्यास्तावर.

परतीच्या तिकिटावर उलटे दिसते. तेव्हा अडीच तास वजा करावेत.

एक जुने घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवून अम्मींच्या पर्समध्ये टाकावे, हे आम्हाला नंतर सुचले. गोळीची वेळ प्रवासात कशी बदलायची, हे मात्र निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारावे.

एकेकाळी मुंबईहून हाजी जहाजाने जात, तो प्रवास १९९५ मध्ये बंद झाला. तेव्हा समुद्रावर कितीतरी दिवस जायचे आणि माणूस तयारीनेच निघायचा. आता तास कमी झाले, पण तयारी कमी करून चालणार नाही. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो. आमीन.