फुंकरीतून घडलेला दिवा

फुंकरीने दिवा मालवतो, हे आपण बालपणापासून पाहत आलो आहोत. परंतु फुंकरीतूनच ज्याचा जन्म होतो, असाही एक दिवा आहे. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत टांगलेल्या काचेच्या हंड्या आपल्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्यांचीच आजची भावंडे आता लहान घरांत, जेवणाच्या मेजावर लोंबताना दिसतात.

उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद बांगड्यांचे गाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे; तेथे झुंबरे आणि दिव्यांच्या हंड्याही घडतात. वाळू, सोडा व चुनखडी यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सियस उष्णतेने वितळवितात. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर त्या रसाचा गोळा घेऊन कारागीर ती सतत फिरवीत फुंकर घालतो. हात थांबला, तर गोळा एका अंगास झुकतो. हंडी एकदम निवाली, तर तडकते. म्हणून ती सावकाश निववावी लागते.

या भट्ट्या पूर्वी कोळशावर चालत. ताजमहाल प्रदूषणापासून वाचावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना नैसर्गिक वायू वापरण्याचा अथवा स्थलांतर करण्याचा आदेश दिला. फिरोजाबादच्या भट्ट्या वायूवर आल्या आणि धूर ओसरला. परंतु भट्टी रात्रंदिवस तापती ठेवावी लागते. वायू महागला, की प्रत्येक हंडीचा खर्च वाढतो. यंत्रातून निघालेल्या स्वस्त मालाशी कारागिराला झगडावे लागते, ते या खर्चासह.

आत बारीकसा बुडबुडा दिसला म्हणून मीही एकदा एक सुरेख हंडी दुकानात परत ठेवली होती. हाताने घडलेल्या काचेत असा बुडबुडा राहू शकतो, हे मला पुढे कळले. तडा हा दोष खरा. बुडबुडा ही बहुधा हाताची खूण. तेव्हा आपण मात्र माझ्यासारखी घाई करू नये.

निवड करताना आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांस दिव्याचा गोळा थेट दिसू नये. दुधी काच प्रकाश मऊ करते. चिनी मातीची हंडी पातळ असेल, तरच तीतून उजेड झिरपतो. जाड असल्यास तो केवळ खाली पडतो. मेजापासून हंडीची खालची कड अडीच ते तीन फुटांवर असावी. हंडीचे वजन विजेच्या तारेवर नव्हे, तर छतातील भक्कम आकड्यावर अथवा साखळीवर पडावे. आत सुमारे ९ वॅटचा, पिवळसर प्रकाशाचा एलईडी दिवा पुरतो. तो फारसा तापतही नाही. पुसण्यापूर्वी बटण बंद करून हंडी निवू द्यावी.

आणि विकत घेताना दुकानदारास एवढे अवश्य विचारावे, की ही कोठे घडली? रात्री सारे कुटुंब त्या उजेडात जेवावयास बसेल, तेव्हा मुलांना सांगता येईल, की हा आकार कोणा एका माणसाच्या श्वासाचा आहे.