फलकामागचे पेट्रोल

ब्रिटनमध्ये गाडीची टाकी भरायला निघालेल्या माणसापुढे दोन पर्याय असतात. शेल, बीपी, एसो यांच्यासारख्या नामवंत तेल कंपन्यांचा पंप, नाहीतर टेस्को, आस्दा, सेन्सबरीज, मॉरिसन्स या सुपरमार्केटच्या आवारातला पंप. दुसरीकडे लिटरमागे चार-दोन पेन्स सुटतात, शिवाय घरचा बाजारही उरकतो. तरी तिथे पेट्रोल भरणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकतेच. स्वस्त आहे म्हणजे कुठेतरी कमअस्सल असणार! मग गाडी चढावर ओढत नाही, अ‍ॅव्हरेज पडले, इंजिनाचा आवाज बदलला, सगळ्याचे खापर त्या स्वस्त पेट्रोलवर फुटते. त्या देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक सुपरमार्केटच्याच पंपांवरून जाते. एवढा माल निकृष्ट असता, तर एव्हाना निम्म्या देशाने गॅरेजसमोर रांग लावली असती.

खरी गोष्ट फारशी रंजक नाही. सुपरमार्केटला स्वतःची रिफायनरी नसते, आणि नामवंत कंपनीचा प्रत्येक पंपही काही तिच्याच रिफायनरीच्या तेलावर चालत नाही. माल बंदरातून किंवा रिफायनरीतून प्रादेशिक टर्मिनलवर येतो आणि तिथल्या सामाईक टाक्यांतून वेगवेगळ्या फलकांचे टँकर भरून निघतात. एकाच डेअरीतले दूध दोन छापांच्या पिशव्यांत जावे, तसाच हा प्रकार. पेट्रोलला ‘ईएन २२८’ आणि डिझेलला ‘ईएन ५९०’ ही मानके आहेत आणि ती सगळ्यांनाच बंधनकारक आहेत. फरक पडतो तो टँकर भरताना मिसळल्या जाणाऱ्या रसायनांमुळे. इंजिनात काजळी साचू नये म्हणून घालायची ही द्रव्ये प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, त्यांचे प्रमाणही वेगळे असते. जाहिरातीतला सगळा रुबाब या चिमूटभर द्रव्याच्या जोरावर असतो.

चिमूटभर असले तरी ते निरुपयोगी नाही. अमेरिकेत १९९५पासून पेट्रोलमध्ये अशी द्रव्ये किमान प्रमाणात घालणे सक्तीचे आहे. ते प्रमाण अपुरे वाटल्याने काही मोटार उत्पादकांनी २००४ मध्ये ‘टॉप टियर’ नावाचा अधिक कडक निकष आणला. ‘अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन’ने २०१६ मध्ये दोन्ही प्रकारच्या पेट्रोलची तुलना केली, तेव्हा साध्या पेट्रोलमुळे इंजिनात सरासरी एकोणीस पट अधिक साका जमल्याचे आढळले. म्हणजे पेट्रोल-पेट्रोलमध्ये फरक असतो. पण या कडक निकषात बसणाऱ्यांच्या यादीत ‘कॉस्टको’ आहे. घाऊक भावाचे, सभासदांचे, स्वस्ताईसाठीच प्रसिद्ध असलेले दुकान! तेव्हा स्वस्त म्हणजे हलके, हे समीकरण इथेच मोडते. आणखी एक गोष्ट जाहिरातीत सहसा नसते. ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, तिथे ते इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. मग त्या व्हॉल्व्हची सफाई महागडे पेट्रोल तरी कशी करणार? उलट ज्या पंपावर गाड्यांची रीघ असते, तिथला माल जमिनीखालच्या टाकीत पडून राहत नाही. ताजेपणाच्या बाबतीत गर्दीचा सुपरमार्केट पंप एखाद्या सुनसान नामवंत पंपापेक्षा सरस ठरू शकतो.

सुपरमार्केटवर संशय घेणारे २००७ सालचा दाखला देतात. त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेर इंग्लंडच्या आग्नेय भागात हजारो गाड्या अडखळू लागल्या, त्यांचे ऑक्सिजन सेन्सर निकामी झाले. त्यांतल्या बहुतेक गाड्यांत सुपरमार्केटचे पेट्रोल भरलेले होते. टेस्को आणि मॉरिसन्सला माल परत घ्यावा लागला. पण शोध लागला तो पंपावर नव्हे. एसेक्समधल्या वेस्ट थरक इथल्या टर्मिनलच्या टाकीत सिलिकॉन मिसळले गेले होते. गंमत पुढेच आहे. सुरुवातीच्या नेहमीच्या तपासण्यांत हे पेट्रोल मानकात चोख बसले होते, कारण त्या तपासणीत सिलिकॉन शोधलेच जात नव्हते. फलकाने फसवले नव्हते आणि मानकाने वाचवलेही नव्हते. दोष दोघांच्याही पाठीमागच्या साठवणुकीत होता.

ग्राहक दर्जाच्या चिंतेत असताना त्याच्या खिशाला कात्री लागली ती दुसऱ्याच बाजूने. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने जुलै २०२३ मध्ये अहवाल दिला, की २०१९ ते २०२२ या काळात सुपरमार्केटांनी इंधनावरचा नफा लिटरमागे सरासरी सहा पेन्सने वाढवून घेतला. स्वस्त पंपाच्या पेट्रोलमध्ये काय कमी आहे याची चर्चा रंगली होती, आणि कमी होत होती ती स्वस्ताई!

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात वाणसामानाच्या दुकानाबाहेर पेट्रोल मिळत नाही आणि सरकारी कंपन्यांच्या दरात दहा-वीस पैशांचा फरक. तरीही श्रद्धा तितक्याच पक्क्या. ‘अमक्या कंपनीचे पेट्रोल गाडीला मानवते’, ‘टाकी भरायची तर कंपनीच्या स्वतःच्या पंपावरच’, असे सांगणारा एक तरी जाणकार प्रत्येक कुटुंबात असतो. इंडियन ऑइलची महाराष्ट्रात रिफायनरी नाही, पण तिचे पंप राज्यभर आहेत. कारण तेल कंपन्या आपसांत मालाची देवाणघेवाण करतात, आणि पेट्रोलचे मानक सर्वांना एकच लागू आहे. ज्या कंपनीवर आपला जीव जडलेला असतो, तिच्या पंपावर दुसऱ्याच कंपनीचा माल आलेला असू शकतो आणि गाडीला त्याचा पत्ताही नसतो.

पण आपला संशय आणि ब्रिटिश ग्राहकाचा संशय यांत मोठा फरक आहे. तिथे शंका असते ती चिमूटभर द्रव्याची. इथे शंका असते ती टाकीत पेट्रोलच आहे ना, याची! २००१ साली भारत पेट्रोलियमने ‘प्युअर फॉर शुअर’ ही मोहीम काढली. आपण विकतो ते पेट्रोल हे पेट्रोलच आहे, एवढे वचन ब्रँड म्हणून खपवता येते, यातच बाजाराची अवस्था कळते. ती अवस्था किती जीवघेणी होती, ते दहा वर्षांनी मनमाडजवळ दिसले. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी टँकरमधून चाललेली तेलचोरी हटकली, तेव्हा त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. तिथल्या पानेवाडीच्या तेल डेपोतून निघालेला माल आणि पंपावर उतरलेला माल यांच्या मधल्या काही किलोमीटरमध्ये काय घडू शकते, हे एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याच्या मृत्यूने राज्याला सांगितले. त्या वाटेवर कोणत्याही कंपनीचा फलक नसतो.

आज रेशनचे स्वस्त रॉकेल भेसळीला वापरण्याचा मोह ओसरला आहे, पण पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपले, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल पेट्रोलपासून सुटते आणि पाण्यासकट तळाशी बसते. त्या वेळी ज्याच्या गाडीत नोझल असेल, त्याचा दिवस वाया. यात भेसळखोर असावाच लागतो असे नाही. टाकीचे झाकण नीट न बसवणारा, तळाचे पाणी रोज न तपासणारा पंपचालक पुरतो. असा चालक कोणत्याही रंगाच्या छताखाली सापडू शकतो.

ग्राहकाच्या हाती काहीच नाही असेही नाही. पंपावर फिल्टर पेपर मागता येतो, घनता तपासून घेता येते, पाच लिटरच्या मापाने माप पडताळता येते. डेपोच्या पावतीवरची घनता आणि पंपावरची घनता यांत घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त तफावत नसावी, असा दंडक आहे. मात्र मागे दहा दुचाकी हॉर्न वाजवत असताना ‘जरा हायड्रोमीटर आणा’ म्हणणाऱ्याकडे पंपावरचा पोऱ्या ज्या नजरेने पाहतो, ती झेलायला धैर्य लागते. आणि घनता जुळली म्हणजे सारे आलबेल, हेही खरे नाही. घनता राखून भेसळ करण्याची कला या धंद्यात जुनी आहे. हक्क कागदावर देऊन त्याची अंमलबजावणी रांगेतल्या एकट्या माणसावर सोडणे म्हणजे हक्क न देण्याचाच सभ्य प्रकार.

म्हणून मागणी साधी आहे. तेल कंपन्या पंपांवरून नमुने घेतात, सरकारी यंत्रणाही घेतात, प्रयोगशाळांत ते तपासले जातात. त्यांचे निकाल पंपनिहाय आणि तारखेसह जाहीर करावेत. नमुना कधी घेतला, कोणी घेतला, कसोटीला उतरला की नाही, नापास झाला तर पुढे काय केले, एवढ्या चार ओळी. त्या कंपनीच्या ॲपवर असाव्यात आणि पंपावरही ठळक लावाव्यात. प्रामाणिक पंपचालकाला यात भिण्यासारखे काही नाही. शेजारच्या भेसळखोराशी त्याच भावात झुंजणाऱ्या त्या बिचाऱ्याला उलट प्रथमच आपला प्रामाणिकपणा दाखवता येईल. रोज सकाळी पैशापर्यंतचा दर ज्या फलकावर झळकतो, त्यावर शेवटच्या तपासणीची तारीख आणि निकाल लिहायला जागा नक्कीच आहे. ती जागा रिकामी ठेवणाऱ्या कंपन्यांनी शुद्धतेच्या जाहिरातीवर खर्च करू नये.