कालबाह्य कोण : देह की यंत्र?

1995 सालच्या नोव्हेंबर महिन्यात लक्झेंबर्ग येथे एक मनुष्य प्रेक्षकांसमोर उभा होता. त्याच्या अंगावरील स्नायूंना विजेच्या तारा जोडलेल्या होत्या. पॅरिस, हेलसिंकी आणि ॲमस्टरडॅम या दूरच्या शहरांतील लोकांपुढे संगणकाच्या पडद्यावर मानवी देहाची एक आकृती मांडलेली होती. तिच्या एखाद्या स्नायूवर तेथील कोणी बोट ठेवले, की लक्झेंबर्गमधील त्या मनुष्याला विजेचा धक्का बसे आणि त्याचा हात वा पाय हाले. मग त्याची स्वतःची इच्छा असो वा नसो.

हा प्रयोग करणारा कलावंत स्टेलार्क. 1946 साली सायप्रसमध्ये जन्मलेला, ऑस्ट्रेलियात वाढलेला आणि पुढे जवळजवळ दोन दशके जपानमध्ये राहिलेला हा गृहस्थ चित्रकाराने कॅनव्हास वापरावा तसे स्वतःचे शरीर वापरतो. मानवी देह आता कालबाह्य झाला आहे, यंत्रयुगाचा वेग त्याला झेपत नाही, सबब त्याची रचनाच बदलली पाहिजे, असा त्याचा सिद्धान्त आहे. तो नुसता सांगून हा मनुष्य थांबला नाही. 1980 साली त्याने जपानमध्ये एक यांत्रिक 'तिसरा हात' तयार करविला. पोटाच्या व मांडीच्या स्नायूंत उठणाऱ्या सूक्ष्म विद्युत्-संकेतांवर हा हात चालतो. 1982 मध्ये टोकियोतील एका कलादालनात त्याने दोन नैसर्गिक हात आणि हा तिसरा हात एकाच वेळी चालवून काचेवर 'उत्क्रांती' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला. 1993 मध्ये तर दिवे असलेले आणि उघडझाप करणारे एक लहानसे धातूचे शिल्प त्याने आपल्या जठरात उतरविले. त्यापूर्वीचे, म्हणजे 1976 ते 1988 या काळातील, त्याचे प्रयोग अधिक भीषण होते. कातडीत आकडे अडकवून तो स्वतःला टांगून घेई. बगाडाला गळ टोचून घेण्याची जुनी चाल ऐकून ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की तेथे नवस असे. येथे देव नाही आणि फेडायचे ऋणही नाही.

हे सारे चाळे आहेत, असे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, आणि काही प्रयोगांच्या बाबतीत ते अगदीच अन्यायाचेही होणार नाही. तथापि 'कालबाह्य' हा जो शब्द स्टेलार्क वापरतो, त्याचा अर्थशास्त्रीय अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. यंत्र झिजते, त्याचा घसारा हिशेबात धरला जातो. परंतु कालबाह्य होणे म्हणजे झिजणे नव्हे. उत्तम चालणारे यंत्रही कालबाह्य ठरते. अधिक किफायतशीर यंत्र बाजारात आले आणि जुने चालविणे परवडत नाही असे मालकाला वाटले, म्हणजे झाले. वस्तूच्या अंगी असलेला हा गुण नसून तिच्या मालकाने केलेला तो निवाडा असतो. मग देह कालबाह्य ठरविणारा मालक कोण, हा प्रश्न उरतोच. स्टेलार्कच्या सिद्धान्तात त्याला उत्तर नाही. त्याच्या प्रयोगांत मात्र ते आहे.

लक्झेंबर्गच्या त्या प्रयोगाकडे पुन्हा पाहावे. त्या वेळी तिसरा हातही त्याच्या अंगावर होता. मांसाचे अवयव परक्यांच्या हुकमतीखाली आणि यांत्रिक हात मात्र स्वतःच्या, असा तो विलक्षण देखावा होता. येथे देह निरुपयोगी ठरला नव्हता. उलट तो इतका उपयोगी होता, की तीन शहरांतील लोकांना तो हवा होता. बदलली होती ती केवळ हुकमत. कारखान्याचा इतिहास जाणणाऱ्याला ही गोष्ट अपरिचित नाही. कामगार यंत्राला नव्हे, तर यंत्र कामगाराला चालविते, ही तक्रार एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. 2018 साली अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीला मनगटपट्ट्याची पेटंटे मिळाली. गोदामातील कामगाराचा हात कोणत्या खणाकडे जात आहे हे त्या पट्ट्याने टिपावे आणि कंपनाने त्याला योग्य खण दाखवावा, अशी ती योजना. पेटंट मिळणे म्हणजे वापर सुरू होणे नव्हे, हे खरे. परंतु कलादालनातील कल्पना गोदामाच्या नकाशावर येण्यास पाव शतकही लागले नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर खाद्यपदार्थ पोहोचविणारा तरुण कोणत्या वळणाने जाईल हे त्याच्या हातातला फोन ठरवितो. त्याला तारा जोडाव्या लागत नाहीत, एवढेच.

दुसरा प्रश्न देहाच्या आत बसविलेल्या यंत्राचा. कॅलिफोर्नियातील सेकंड साइट या कंपनीने अंधांसाठी दृष्टिपटलावर बसविण्याचे एक उपकरण तयार केले. अमेरिकेत 2013 साली त्याला परवानगी मिळाली. चष्म्यावरील कॅमेरा चित्र टिपी आणि दृष्टिपटलावरील 60 विद्युदग्रांमधून रुग्णाला प्रकाशाचे ठिपके दिसत. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरातील 350 हून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. 2019 मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले. 2020 मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी केले. उपकरण बिघडले तर दुरुस्तीसाठी जायचे कोठे, हे त्या लोकांना सांगणारे कोणी उरले नाही. डोळा शाबूत, त्यामागची नसही शाबूत. कालबाह्य झाले ते यंत्र, आणि तेही देहाच्या आत असताना. स्टेलार्कचा सिद्धान्त येथे उलटा उभा राहतो. घरातला नादुरुस्त पंखा भंगारात देता येतो; दृष्टिपटलावरचे यंत्र काढावयाचे तर पुन्हा शस्त्रक्रिया आली.

या बाबतीत स्टेलार्कचा स्वतःचा अनुभवही बोलका आहे. आपल्या डाव्या हातावर एक कान उगवावा, त्यात ध्वनिग्राहक बसवावा आणि जगातील कोणालाही त्या कानाने ऐकता यावे, असा त्याचा बेत होता. तयार होणारे शल्यविशारद मिळण्यातच सुमारे दहा वर्षे गेली. 2006 मध्ये कानाची रचना त्वचेखाली बसली, रक्तवाहिन्या व ऊतींनी तिला आपलेसे केले. पुढे ध्वनिग्राहक घातला, तेव्हा मात्र जंतुसंसर्ग झाला आणि तो काढून टाकावा लागला. देहाने आकार स्वीकारला, यंत्र नाकारले.

कातडीपासून अवयव घडविण्याच्या या विद्येच्या इतिहासात पुण्याचेही नाव आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या एका मराठा गाडीवानाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी फिरवून त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टर त्या वेळी हजर होते, आणि 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तो वृत्तान्त छापून आला. त्यानंतर वीस वर्षांनी लंडनमध्ये तीच रीत वापरली गेली. कावसजीचे नाक त्याच्याच कपाळाचे होते. ते चालू ठेवण्यासाठी त्याला कोणत्याही कंपनीचे तोंड पाहावे लागले नाही.

देहात यंत्र बसवूच नये, असा याचा अर्थ काढणे वेडेपणाचे होईल. हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या उपकरणावर आज असंख्य माणसे जगत आहेत. मात्र अशा यंत्राच्या विक्रीचा करार पंख्याच्या विक्रीसारखा असता कामा नये. रुग्ण जिवंत असेतो सुटे भाग मिळण्याची हमी, आणि कंपनी बुडाल्यास यंत्राचे आराखडे दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची सक्ती, एवढ्या दोन अटी तरी परवाना देतानाच घालावयास हव्यात.

स्टेलार्कने पर्थ येथे आणखी एक प्रयोग केला. डोळ्यांवरील पडद्यावर त्याला लंडनमधील मनुष्याचे दृश्य दिसे, कानांत न्यूयॉर्कमधील आवाज येत, आणि त्याचा उजवा हात यांत्रिक सांगाड्यात अडकवून कोणालाही दुरून हालविता येई. हे पाच दिवस, रोज सहा तास चालले. सहा तास संपले की तो सांगाडा उतरवून ठेवी.