तारेचे सोवळे

मुलीला स्थळ बघताना आपल्याकडे जितकी चौकशी होते, तिच्या खालोखाल चौकशी टेलिफोनच्या तारेला काय जोडावे याची झालेली आहे. लग्नात निदान पत्रिका जुळली की काम भागते. तारेच्या बाबतीत पत्रिका, गोत्र, कुळाचा दाखला आणि वर तीन प्रतींत अर्ज!

हे मी अधिकाराने बोलतो आहे. एका खाजगी कचेरीत एकतीस वर्षे माझ्या टेबलावर ‘किरकोळ खरेदी व देखभाल’ अशी पाटी होती. ज्या वस्तूला शेपटी आहे आणि शेपटीच्या टोकाला पिन आहे ती वस्तू माझी, अशी सरळ वाटणी. पंखा माझा, घंटी माझी, इंटरकॉम माझा, फॅक्स माझा. आणि या सर्वांबद्दल साहेबाची जी बोलणी खावी लागत, तीही माझीच. त्यामुळे तारेला जोडायच्या यंत्रांचे नियम हा विषय निघाला, की मला गप्प बसवत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे होतील. नियम हवाच. पण नियमाने एकच प्रश्न विचारावा: या यंत्रामुळे तारेच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला अपाय होईल का? त्यापलीकडे जे काही विचारले जाते, ते सगळे सोवळे.

सोवळ्याची मला लहानपणापासून माहिती आहे. मूळ हेतू स्वच्छतेचा असेल, नाही कोण म्हणतो? पण आमच्या घरी कोणाचा पदर कोणाला लागला यावर सकाळभर वाद चाले, आणि पाण्याच्या पिंपात पाल पडली आहे का, हे बघायला कोणी जात नसे. नियम म्हातारा झाला की असेच होते. तो घाण शोधायचे सोडून स्पर्श शोधू लागतो.

आपल्या तारेचे सोवळे १८८५ सालच्या टेलिग्राफ कायद्यापासूनचे. तार उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार सरकारचा, आणि टेलिफोनही त्याच पंगतीत. फोनचे ते काळेकुट्ट, वरवंट्याच्या वजनाचे यंत्र तुमच्या घरात असले, तुम्ही त्यावर विणलेला रुमाल घातलेला असला, तरी ते खात्याचे. ज्यांना वाट बघवत नसे त्यांच्यासाठी जास्त अनामत भरायची एक योजना होती. तिचे नाव ‘ओन युवर टेलिफोन’. म्हणजे नावात फोन तुमचा आणि दप्तरात फोन खात्याचा! अशा फोनला बाहेरचे यंत्र जोडायचे म्हणजे देवघरात बूट घालून शिरण्यापैकी.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याच देशात. मुळीच नाही. अमेरिकेत टेलिफोनची बलाढ्य कंपनी होती, एटी अँड टी. तिच्या नियमपत्रकात ‘परकी’ वस्तू फोनला जोडायला साफ बंदी होती. तिथे हश-ए-फोन नावाची एक वाटी विकायला आली. ही वाटी फोनच्या बोलायच्या तोंडावर बसवायची, म्हणजे आपले बोलणे शेजारच्या टेबलाला ऐकू जात नाही. त्या वाटीला ना तार, ना वीज. आपण हाताचा द्रोण करून बोलतो, तेच काम ती करायची. तरी कंपनी म्हणाली, विटाळ झाला! सरकारी आयोगाने १९५५ साली कंपनीचीच री ओढली. शेवटी १९५६ साली अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ग्राहकाचा फायदा होतो आणि लोकांचे नुकसान होत नाही, तर त्याला अडवायचे कारण नाही, असा त्याचा मथितार्थ. बघा, न्यायालयाला जे कळले ते आमच्या घरच्या पिंपालाही कळले असते.

पुढे टेक्ससमधल्या थॉमस कार्टर नावाच्या गृहस्थाने वायरलेस संच आणि टेलिफोन यांची गाठ घालून देणारे खोके बनवले. फोनचा रिसीव्हर त्या खोक्यावर ठेवायचा, की दूर रानात तेलाच्या विहिरीवर असलेला माणूस शहरातल्या माणसाशी बोलू लागे. कंपनी पुन्हा सोवळ्यात गेली. १९६८ साली आयोगाने कार्टरच्या बाजूने निकाल दिला आणि ती सरसकट बंदीच मोडीत काढली. तेव्हा कंपनीने नवी युक्ती काढली: बाहेरचे यंत्र लावा, पण मध्ये आमचे ‘संरक्षक’ यंत्र बसवा आणि त्याचे भाडे आम्हाला द्या. म्हणजे विटाळ मान्य, पण प्रायश्चित्ताची दक्षिणा चालू!

त्यावर आयोगाने १९७५ साली जे केले, त्यासाठी मी त्याला नारळ द्यायला तयार आहे. त्याने यंत्रांची नोंदणी सुरू केली आणि अपाय म्हणजे काय, ते मोजून सांगितले. कामगाराला शॉक बसता कामा नये, कंपनीची यंत्रे बिघडता कामा नयेत, बिलाची आकारणी चुकता कामा नये, आणि दुसऱ्या ग्राहकाच्या बोलण्यात व्यत्यय येता कामा नये. एवढे सांभाळा आणि खुशाल जोडा. यंत्र कोणी बनवले, कोणाच्या मालकीचे, हे प्रश्नच संपले. तुमच्या मोडेमच्या मागे ती जी टिचकीएवढी पारदर्शक पिन बसते ना, तिला आपण आरजे-अकरा म्हणतो. त्यातले ‘आरजे’ म्हणजे रजिस्टर्ड जॅक. त्या नोंदणीची ही आठवण आपल्या कोपऱ्याकोपऱ्यात धूळ खात बसली आहे.

पण म्हणून ‘नियमच नकोत, बाजार बघून घेईल’ असे म्हणणाऱ्यांच्या टोळीत मला ढकलू नका. त्यांना मी आमच्या कचेरीत येणाऱ्या लाइनमनकडे पाठवीन. टेलिफोनच्या तारेत तिची स्वतःची वीज असते. एक्स्चेंजच्या बॅटरीची ४८ व्होल्ट, आणि घंटी वाजताना ७५ व्होल्टच्या आसपास. हा मनुष्य खांबावर चढून ती तार उघड्या बोटांनी सोलायचा. मी एकदा विचारले, “अहो, भीती नाही वाटत?”

“घंटीचा झटका म्हंजे मुंगी हो साहेब,” तो म्हणाला. “चावती आन् जाती. भीती तुमच्या हापिसातल्या डबड्यांची. त्यातनं दिव्याची लाईट तारंवर आली, तर मी खांबावरनं खाली येणार. शिडी न वापरता.”

टेबलावरचे यंत्र एकीकडून २३० व्होल्ट खाते आणि दुसरीकडून तारेला चिकटलेले असते. मधली भिंत पातळ निघाली, की ती वीज तारेवर उतरते आणि शंभर पावलांवर खांबावर बसलेल्या, तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसाच्या बोटांत शिरते. बाजार त्याला कसा बघून घेणार? तो गिऱ्हाईकच नव्हे! यंत्र घेतले आम्ही, पैसे वाचले आमचे, आणि धोका त्याला. नियम असतो तो त्याच्यासाठी. साहेबाच्या फायलीसाठी नसतो.

आपल्याकडे हा शहाणपणा आला, पण वरात निघून गेल्यावर वाजंत्री यावी तसा आला. सरकारने २०१२ साली सक्तीच्या नोंदणीच्या वस्तूंची यादी काढली, तीत लॅपटॉपच्या जोडीने टेलिफोन आन्सरिंग मशीन होते. तोवर निरोप ठेवायचा तो लोक मोबाइलवर ठेवीत होते. २०१३ च्या जुलैत सरकारने तारसेवा बंद केली. शेवटची तार गेली, लोकांनी डोळे पुसले. आणि २०१७ साली टेलिग्राफच्या नियमांत दुरुस्ती झाली, की प्रत्येक ‘टेलिग्राफ’ची आधी चाचणी व्हावी आणि त्याला प्रमाणपत्र मिळावे! कारण १८८५ च्या व्याख्येत मोडेमही टेलिग्राफच. तार मेली, पण तिच्या नावाचे श्राद्ध मोडेमला घालावे लागले. १ ऑक्टोबर २०१९ पासून पहिली तुकडी सक्तीखाली आली: साधा फोन, कॉर्डलेस फोन, मोडेम, कचेरीचे एक्स्चेंज आणि फॅक्स. फॅक्स! आमच्या कचेरीत तेव्हा फॅक्सवर चहाचा ट्रे ठेवीत.

उशीर झाला म्हणून मी रागावलेलो नाही. उशिरा का होईना, चाचणीत विजेची सुरक्षितता बघतात, हे उत्तमच. माझा राग पुढचा आहे. तो कचेऱ्याकचेऱ्यांतून हिंडणाऱ्या ‘अनुपालन’ नामक नव्या सोवळ्यावर आहे.

निवृत्तीनंतर जुन्या फायली दाखवायला मला एकदा कचेरीत बोलावले होते. पाहणीसाठी एक तरुण गृहस्थ आले होते. गळ्यात पट्टा, हातात तक्ता. त्यांनी मोडेम उलटा केला, शिक्का पाहिला, नंबर उतरवला आणि बरोबरची खूण केली. मी म्हटले, “साहेब, त्याची वीज कुठून येते, तेही बघा.” मोडेमबरोबर आलेला अडाप्टर केव्हाच जळला होता. त्या जागी दुरुस्तीवाल्याने फुटपाथवरचा, कोणाचेही नाव नसलेला एक अडाप्टर लावून दिला होता. तो तव्यासारखा तापला होता आणि वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी होती.

ते म्हणाले, “काका, अडाप्टर माझ्या तक्त्यात नाहीये.”

“पण लाइनमन आहे का तुमच्या तक्त्यात?”

“कोण लाइनमन?”

संपले! शिक्का मोडेमवर, वीज अडाप्टरमधून, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो माणूस तक्त्यातच नाही. मी तो अडाप्टर उपटून केराच्या टोपलीत टाकला. त्यावर गृहस्थ चिंतेने म्हणाले, “आता मोडेम बंद दिसेल, त्याचा शेरा मला द्यावा लागेल.” म्हणजे पाल काढली, तर पिंप अपवित्र!

कोणी म्हणेल, आता कशाला हा वाद? तांब्याची तार चालली, काचेचा धागा आला, आणि काचेतून वीज जात नाही. वीज जात नाही, खरे आहे. सोवळे मात्र जाते. तांब्याच्या तारेवर बसलेली सवय उद्या धाग्यावर बसेल, परवा हवेतल्या लहरींवर बसेल. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा संमत झाला. कायदा नवा झाला म्हणून तक्ता घेऊन हिंडणारा मनुष्य नवा होत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी किरकोळ खरेदी व देखभालीच्या पातळीवरची आहे. प्रत्येक नियमाखाली एक ओळ छापा: हा कोणाला वाचवतो. जिथे ती ओळ लिहिता येत नाही, तो नियम रद्दीत द्या. चार आणे येतील. कारखानदाराने न्हाऊमाखू घालून पाठवलेल्या नमुन्यावर थांबू नका, दुकानाच्या फळीवरून गुपचूप उचललेला नगही उघडून बघा. आणि पाहणीला येणाऱ्याला शिक्का वाचण्याआधी अडाप्टरला हात लावायला सांगा. चटका बसला, तर तो शेरा आधी लिहायचा.

एवढे केलेत तर तुम्ही फॅक्सचेही प्रमाणपत्र मागा, माझी हरकत नाही. ट्रे उचलून मी स्वतः दाखवीन.